रक्ताला वाट करून देणारा इंजिनीअर

१९५८ साली अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरात साठीचे एक गृहस्थ अल्बर्ट स्टार या तरुण हृदयशल्यविशारदाला भेटायला आले. अंगात साधा स्वेटर, पायात खेळाचे बूट, आणि कंपवातामुळे हात थरथरणारे. पाहणाऱ्याला ते रुग्णच वाटले असते. पण ते आले होते एक प्रस्ताव घेऊन. त्यांना कृत्रिम हृदय बनवायचे होते आणि त्यासाठी डॉक्टरची साथ हवी होती. स्टार तेव्हा अवघे बत्तीस वर्षांचे होते. पाहुण्यांनी आयुष्यभर पंप आणि यंत्रे बनवली होती, वैद्यकाचे शिक्षण मात्र घेतले नव्हते. त्यांचे नाव माइल्स लोवेल एडवर्ड्स. हृदयाची झडप बदललेल्या असंख्य रुग्णांच्या कागदपत्रांवर आज जे एडवर्ड्स हे नाव दिसते, ते यांचेच.

एडवर्ड्स यांचा जन्म १८९८ मध्ये ऑरेगॉनमधील न्यूबर्ग या छोट्या गावी झाला. महाविद्यालयात त्यांनी विद्युत अभियांत्रिकी शिकली, पण खरी गोडी लागली ती वाहत्या द्रवांची. द्रव कुठे अडतो, कुठे फेसाळतो, दाब कुठे पडतो, हे त्यांना चटकन उमगे. लाकूड गिरण्यांमध्ये ओंडक्यांची साल काढणे हे फार कष्टाचे काम होते. एडवर्ड्स यांनी पाण्याचा जोरदार झोत मारून साल सोलून काढणारे यंत्र बनवले. पुढे विमानांचा प्रश्न आला. उंचावर हवेचा दाब कमी होतो, इंधनात वाफेचे बुडबुडे होतात आणि इंजिनाला इंधन मिळेनासे होते. त्यांनी यावर इंधन पुढे ढकलणारा पूरक पंप तयार केला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांसाठी तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. त्याच्या मानधनातून एडवर्ड्स सुखवस्तू झाले. आयुष्यभरात त्यांच्या नावावर ६३ पेटंट जमा झाली.

एवढे सगळे मिळवलेल्या माणसाला साठाव्या वर्षी हृदयाचे वेड का लागावे? एक कारण त्यांच्या स्वतःच्या शरीरात होते. तरुणपणी त्यांना दोनदा रुमॅटिक फीव्हर, म्हणजे संधिवाताचा ताप, येऊन गेला होता. हा आजार घशाच्या जंतुसंसर्गातून सुरू होतो. विशिष्ट जिवाणूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती गोंधळते आणि आपल्याच सांध्यांवर व हृदयाच्या झडपांवर हल्ला चढवते. सांधे पुढे बरे होतात, झडपांवरचे व्रण मात्र राहतात. वर्षानुवर्षे त्या जाड होत जातात, एकमेकींना चिकटतात, आणि तिशी-चाळिशीत माणसाला जिना चढताना धाप लागू लागते. भारतात आजही तरुण वयातील झडपांच्या आजाराचे हे एक प्रमुख कारण आहे. दुसरे कारण व्यवसायाचे होते. ज्याने आयुष्यभर पंप बनवले, त्याला हृदय हाही एक पंपच दिसणार.

स्टार यांनी प्रस्ताव ऐकून घेतला. अख्खे हृदय बनवणे त्या काळी फार दूरची गोष्ट होती. चांगल्या कृत्रिम झडपाही तेव्हा नव्हत्या, आणि झडपांशिवाय हृदय कसले? त्यांनी सुचवले की आधी एकच झडप बनवू, आणि तीही डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप. संधिवाताच्या तापाचा सर्वाधिक मार तिलाच बसतो. एडवर्ड्स यांना हे पटले. सँडी नदीकाठच्या आपल्या कार्यशाळेत त्यांनी कामाला सुरुवात केली. इंजिनीअर नमुना बनवून आणे, डॉक्टर तो कुत्र्यांच्या हृदयात बसवून पाही, आणि चूक कळली की नमुना पुन्हा कार्यशाळेत जाई.

झडपेचे काम सांगायला सोपे आहे. रक्त पुढे जाऊ द्यायचे आणि मागे येऊ द्यायचे नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या फुटव्हॉल्व्हचेही हेच काम. पण विहिरीतले पाणी गोठत नाही, रक्त गोठते. शिवाय हृदय मिनिटाला ७० वेळा आकुंचन पावते असे धरले, तर झडपेला दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा आणि वर्षाला सुमारे ३ कोटी ६८ लाख वेळा उघडझाप करावी लागते. मध्ये एक दिवसही दुरुस्तीसाठी थांबता येत नाही.

पहिले नमुने नैसर्गिक झडपेसारखेच, पाकळ्यांचे होते. ते बसवलेली कुत्री दोन-तीन दिवसांत दगावत. झडप शिवलेल्या कडेवर रक्ताची गुठळी धरे, ती आतल्या बाजूला वाढत जाई आणि पाकळ्या जखडून टाकी. तेव्हा या जोडीने निसर्गाची नक्कल सोडून दिली. एका कड्यावर छोटा पिंजरा आणि पिंजऱ्यात एक गोळी, अशी रचना त्यांनी घेतली. रक्ताचा रेटा आला की गोळी पिंजऱ्याच्या टोकाला जाते आणि वाट मोकळी होते. रेटा उलटला की गोळी कड्यावर येऊन बसते आणि वाट बंद. बाटलीच्या तोंडाशी गोळी बसवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती. वॉशिंग्टनचे शल्यविशारद चार्ल्स हुफनेगल यांनी १९५२ मध्येच गोळीची झडप रुग्णाच्या शरीरात बसवली होती. पण ती हृदयाच्या आत नव्हती, खाली उतरणाऱ्या महाधमनीत होती. हृदयाच्या आत, मूळ झडपेच्या जागी ती बसवणे हे खरे आव्हान होते. गोळीचा फायदा असा की तिला बिजागरी नाही. कडेवर थोडी गुठळी धरली तरी गोळी अडकत नाही. शिवाय ती सतत फिरत राहते, त्यामुळे एकाच जागी झिजत नाही.

गोळी सिलिकॉन रबराची होती. पिंजरा आधी पारदर्शक ॲक्रिलिकचा आणि पुढे मिश्रधातूचा झाला. शिवणीच्या कडेला सिलिकॉनचे आच्छादन देऊन पाहिल्यावर कुत्री अनेक महिने जगू लागली. रुग्णालयाच्या हृदयरोग विभागाच्या प्रमुखांनी ती धडधाकट कुत्री पाहिली आणि आता रुग्णांसाठी वाट पाहू नये असा आग्रह धरला. त्यांच्या विभागात असे रुग्ण होते, ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच उरला नव्हता.

ऑगस्ट १९६० मध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली. झडप उत्तम चालली. पण हृदयात राहिलेली हवा मेंदूकडे गेली आणि ती तरुण रुग्ण काही तासांतच दगावली. दोघांसाठी हा मोठा धक्का होता. तरी पुढच्याच महिन्यात, २१ सप्टेंबर १९६० रोजी, ५२ वर्षांच्या एका रुग्णावर दुसरी शस्त्रक्रिया झाली. तो बरा होऊन घरी गेला आणि दहा वर्षांहून अधिक जगला. शेवटी त्याचा मृत्यू झाला तो घराला रंग देताना शिडीवरून पडून. हृदय तोवर साथ देत होते. १९६१ मध्ये स्टार आणि एडवर्ड्स यांनी पहिल्या आठ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि जगभरच्या रुग्णालयांतून या झडपेला मागणी येऊ लागली.

आता प्रश्न येतो रक्तप्रवाहाचा. जीव वाचवणारी ही झडप प्रवाहाच्या दृष्टीने आदर्श होती का? नाशिककरांना याचे उत्तर गोदावरीच्या पुरात पाहता येते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सगळ्यांचे डोळे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे लागतात. पाणी गुडघ्यापर्यंत आले, कमरेला लागले, गळ्यापर्यंत चढले, अशी पुराची मोजणी होते. त्या वेळी मूर्तीभोवतीचे पाणी नीट पाहावे. समोरून आलेला प्रवाह मूर्तीला अडून दोन बाजूंना फाकतो. कडेने पाणी वेगाने धावते, आणि मूर्तीच्या पाठीमागे भोवरे आणि जवळजवळ थांबलेले पाणी राहते. काटक्या, निर्माल्य तिथेच गोळा होते.

गोळीच्या झडपेत हेच घडते. गोळी प्रवाहाच्या ऐन मध्यभागी असते. रक्ताला तिला वळसा घालून कडेच्या अरुंद जागेतून जावे लागते. तिथे वेग वाढतो, घर्षण वाढते, काही तांबड्या पेशी फुटतात आणि गुठळी धरणाऱ्या सूक्ष्म बिंबिका चेतवल्या जातात. गोळीमागच्या संथ जागेत त्यांना जमायला वावही मिळतो. अती वेगही वाईट आणि अती संथपणाही वाईट, ही कृत्रिम झडपेची खरी अडचण आहे. म्हणूनच यांत्रिक झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त न गोठण्याचे औषध आयुष्यभर घ्यावे लागते.

झडपांची तुलना करताना अभियंते मुख्यतः तीन गोष्टी मोजतात. पहिली, रक्त पुढे ढकलायला किती जादा दाब लागतो. निरोगी महाधमनीच्या झडपेची वाट तीन ते चार चौरस सेंटिमीटर असते. कृत्रिम झडपेत कडे, पिंजरा किंवा चकती जागा खाते आणि ही वाट बरीच कमी होते. वाट अरुंद झाली की रक्ताचा वेग वाढतो. टू-डी इको तपासणीत हाच वेग मोजला जातो. वेगाचा वर्ग करून त्याला चारने गुणले की दाबातील फरकाचा अंदाज मिळतो. सेकंदाला २ मीटर वेग असेल तर फरक १६, आणि ३ मीटर असेल तर ३६ मिलिमीटर पारा. वेग दीडपट झाला की हृदयावरचा बोजा सव्वादोनपट होतो. इकोच्या अहवालातला ग्रेडियंट हा शब्द म्हणजे हाच फरक. दुसरी गोष्ट, झडप मिटताना आणि मिटल्यावर किती रक्त मागे झिरपते. तिसरी, झडपेच्या आसपास भोवरे आणि साचलेल्या जागा किती.

ही मोजमापे प्रयोगशाळेत कृत्रिम हृदयासारख्या यंत्रावर होतात. ग्लिसरीन मिसळलेल्या पाण्याला रक्ताइतका चिकटपणा आणतात, मिनिटाला सुमारे ७० ठोके आणि पाच लिटर प्रवाह ठेवतात, आणि पारदर्शक नळीतून प्रवाह पाहतात. धरणाचा सांडवा बांधण्यापूर्वी त्याची छोटी प्रतिकृती करून तिच्यातून पाणी सोडून पाहतात, त्यातलाच हा प्रकार. दिंडोरी रस्त्यावरच्या 'मेरी' या संशोधन संस्थेमुळे नाशिकला ही पद्धत अनोळखी नाही.

गोळीच्या झडपेची प्रवाहातली उणीव एडवर्ड्स यांच्याच कंपनीत काम केलेल्या एका इंजिनीअरने दूर करायचा प्रयत्न केला. डोनाल्ड शायली यांनी बाहेर पडून स्वतःची कंपनी काढली आणि स्वीडनचे शल्यविशारद विकिंग ब्यर्क यांच्यासोबत १९६९ मध्ये तिरपी होणारी चकती आणली. गोळीऐवजी एक सपाट चकती, जी दारासारखी साठ अंशांत कलते. रक्ताला मधूनच वाट मिळू लागली. पिंजऱ्याची उंचीही गेली, त्यामुळे लहान हृदयातही झडप मावू लागली. पण कललेल्या चकतीच्या एका बाजूला मोठी वाट आणि दुसऱ्या बाजूला चिंचोळी वाट राहते. त्या चिंचोळ्या बाजूला प्रवाह संथ होई आणि तिथेच गुठळी धरण्याचा धोका असे.

हा संथपणा घालवण्यासाठी चकतीला बाक देऊन सुधारित नमुना आणला गेला. प्रवाह खरोखरच सुधारला. मात्र चकती धरणाऱ्या दोन तारांपैकी एक झाळून जोडलेली होती, आणि काही झडपांमध्ये ती तुटू लागली. तार तुटली की चकती निसटते आणि हृदयाचे दार सताड उघडे पडते. अशा प्रसंगी बहुतेक रुग्ण वाचत नसत. जगभर सुमारे ८६ हजार रुग्णांमध्ये हा नमुना बसवला गेला होता. १९८६ मध्ये त्याची विक्री थांबली. ज्यांच्या छातीत तो होता, त्यांना पुढची कित्येक वर्षे भीतीच्या सावटाखाली काढावी लागली. प्रवाहाचे आकडे चांगले आले म्हणजे झडप चांगली ठरली असे नव्हे, हा धडा या क्षेत्राने फार मोठी किंमत देऊन घेतला.

एडवर्ड्स यांची झडपही निर्दोष नव्हती. सुरुवातीच्या काही गोळ्या रक्तातील स्निग्ध पदार्थ शोषून फुगत, पिवळ्या पडत आणि तडकत. रबर तयार करण्याची प्रक्रिया साठच्या दशकाच्या मध्यात बदलल्यावर तो दोष गेला. त्यानंतरच्या नमुन्यांनी मात्र टिकाऊपणात नाव काढले. तीस-चाळीस वर्षे तीच झडप घेऊन जगलेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. प्रवाहात मागे असलेली गोळी भरवशात पुढे राहिली.

१९७७ मध्ये अमेरिकेतील सेंट ज्यूड कंपनीची दुपाखी झडप आली. देवघराच्या दाराला असतात तशा दोन अर्धवर्तुळाकार पाकळ्या, ज्या जवळजवळ काटकोनात, ८५ अंशांपर्यंत, उघडतात. त्या पायरोलिटिक कार्बनच्या असतात. अणुभट्टीच्या इंधनकणांवर लेप देण्याच्या संशोधनातून हे द्रव्य पुढे आले. ते कठीण आणि गुळगुळीत असते, आणि त्यावर रक्त सहजासहजी गोठत नाही. या झडपेतून रक्त तीन समांतर वाटांनी, जवळपास सरळ जाते. तेवढ्याच मापाच्या गोळीच्या झडपेपेक्षा दाबातील फरक बराच कमी राहतो. तिची नाजूक जागा म्हणजे बिजागरी. तिथे रक्त साचू नये म्हणून मिटलेल्या झडपेतूनही थोडे रक्त मुद्दाम झिरपू दिले जाते, म्हणजे बिजागरी धुतली जाते. थोडी गळती इथे दोष नसून सोय आहे.

भारतातही हा शोध स्वतंत्रपणे झाला. परदेशी झडपा सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होत्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या अभियंत्यांनी आधीचे नमुने अपयशी ठरूनही काम सोडले नाही. अखेर त्यांनी कलत्या चकतीची झडप तयार केली. तिची चौकट एकाच धातूच्या तुकड्यातून कोरलेली असते, झाळलेला जोड नाही. चकती टणक पॉलिथिनची असल्याने मिटताना आवाजही कमी होतो. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली आणि त्यानंतर लाखाहून अधिक रुग्णांपर्यंत पोहोचली.

तुलनेच्या या गोष्टीत मुंबईचाही एक धागा आहे. मुंबईत जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ शाहबुद्दीन रहिमतुला सत्तरच्या दशकात पोर्टलंडमध्येच, जिथे स्टार आणि एडवर्ड्स यांची झडप जन्मली तिथे, काम करत होते. १९७८ मध्ये त्यांनी एक साधी पण दुर्लक्षित बाब मांडली. झडप कितीही निर्दोष चालत असली, तरी ती रुग्णाच्या शरीराच्या मानाने लहान असेल तर आजार पूर्ण सुटत नाही. अरुंद वाटेचा आजार काढून जरा कमी अरुंद वाट बसवल्यासारखे ते होते. तेव्हापासून शल्यविशारद झडपेचे माप ठरवताना रुग्णाच्या शरीराचा आकारही हिशेबात धरू लागले.

एडवर्ड्स झडपेवरच थांबले नाहीत. रक्तवाहिनीतली गुठळी बाहेर ओढण्यासाठी थॉमस फोगार्टी या तरुण डॉक्टरने टोकाला इवलासा फुगा असलेली नळी बनवली होती. ती बनवून विकायला कुणी तयार होत नव्हते, तेव्हा एडवर्ड्स यांनी पुढाकार घेतला. आज ती नळी जगभर वापरात आहे. १९६६ मध्ये त्यांची कंपनी एका मोठ्या उद्योगाने विकत घेतली. १९८२ मध्ये एडवर्ड्स यांचे निधन झाले. ज्या कृत्रिम हृदयाचा प्रस्ताव घेऊन ते आले होते, ते त्यांच्या हातून झाले नाही. गोळीच्या झडपेचे उत्पादन २००७ पर्यंत चालू राहिले, आणि त्याच वर्षी स्टार यांना लास्कर पुरस्कार मिळाला. तो स्वीकारण्याच्या वेळी एडवर्ड्स हयात नव्हते.

आज झडप बदलायची वेळ आली तर निवड फक्त प्रवाहाच्या आकड्यांवर होत नाही. रुग्णाचे वय, रक्त पातळ ठेवणारी गोळी नियमित घेण्याची आणि आयएनआर तपासत राहण्याची तयारी, मूल हवे असलेल्या स्त्रीची विशेष गरज, या सगळ्याचा विचार डॉक्टर करतात. यांत्रिक झडप सहसा आयुष्यभर टिकते, पण गोळी बंद करून चालत नाही. प्राण्यांच्या ऊतीपासून बनवलेल्या झडपेला बहुधा ती गोळी कायम लागत नाही, पण ती काही वर्षांनी खराब होते. डॉक्टरांना न विचारता गोळी सोडल्यामुळे झडप जखडून रुग्ण तातडीने दाखल होतात. हे सहज टाळता येण्यासारखे आहे.

आणि त्याहूनही आधी टाळता येण्यासारखी गोष्ट म्हणजे एडवर्ड्स यांना तरुणपणी झालेला तो ताप. त्यांच्या लहानपणी पेनिसिलिन नव्हते, आज ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखून ताप आला, गिळताना त्रास होऊ लागला, किंवा त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एकामागून एक सांधे सुजू लागले, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाची ठरावीक अंतराने दिली जाणारी इंजेक्शनेही चुकवू नयेत. गेल्या साठ वर्षांत अभियंत्यांनी झडपा पुष्कळ सुधारल्या, पण जन्मतः मिळालेल्या निरोगी झडपेइतकी मोकळी वाट त्यांपैकी कोणतीही देत नाही.